समासातली नावं

अमेरिकेत एका कॉलेजच्या लायब्ररीत मी जुनी पुस्तकं स्कॅन करते. मागच्या महिन्यात १९१३ चं इयरबुक, म्हणजे कॉलेजचं वार्षिक पुस्तक, हातात आलं. त्या काळी बऱ्याच कॉलेजांत हे पुस्तक तिसऱ्या वर्षाची मुलं काढायची आणि त्यावर साल टाकायची स्वतःच्या पदवीचं, म्हणजे १९१३ चं पुस्तक छापून आलेलं असतं १९१२ मध्येच. कॅटलॉगवाले अजून इथे चुकतात आणि मला खरंच राग येतो.

दोन प्रती होत्या. एक स्वच्छ, दुसरीचा पुठ्ठा सुटलेला आणि पानांवर पेन्सिल. नियम असा की स्वच्छ प्रत स्कॅन करायची, दुसरी जादा म्हणून काढून टाकायची. मी स्वच्छ घेतली. हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छापलेल्या, फोटोंना वेळ द्यावाच लागतो, छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे पिक्सेल जुळले नाहीत की चेहऱ्यांवर लाटा उमटतात, त्या सॉफ्टवेअरने घालवायला गेलं तर डोळेच पुसट होतात, म्हणून मी ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करते, कितीही उशीर होवो. मधेच दोन पानं चिकटलेली निघाली. आर्ट पेपरला एकदा ओल लागली की त्यावरच्या मातीच्या थराने पानं अशी बसतात की सोडवताना छपाईच निघून येते. म्हणून दुसरी प्रत उघडली.

तिच्यात प्रत्येक चित्राशेजारी समासात पेन्सिलीने ते काढणाऱ्याचं पूर्ण नाव होतं. छापलेल्या चित्रांवर कोपऱ्यात फक्त आद्याक्षरं असतात, काहींवर तीही नाहीत, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या यादीत चित्रं काढणाऱ्यांची चारच नावं, सगळी मुलांची. पेन्सिलीत मात्र पाच मुली जास्त होत्या! मी वर्गाच्या फोटोंशी ताडून पाहिलं, तिघींची आद्याक्षरं चित्रांशी तंतोतंत जुळली.

आमचे साहेब म्हणाले, अक्षर कुणाचं माहीत नाही, हा पुरावा नाही. त्यांचं चूक नाही. पण आपण संपादक आणि मॅनेजरची नावं नोंदवतो तीसुद्धा त्या मुलांनी स्वतःच छापलेली म्हणूनच ना, मग हे पान खोटं कशावरून? मी दोन्ही प्रती स्कॅन केल्या, विचारलं नाही. दुसरी अजून माझ्या टेबलावर आहे, चिठ्ठी लावून.

एका चित्राजवळचं नाव कुणीतरी खोडलंय. काल बाजूने तिरका लाइट टाकून बघितलं, पहिलं अक्षर ई वाटतं, पुढचं लागत नाही.