राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय लिहायचं?

ठाणे-नवी मुंबईत जपानी शिकणाऱ्यांना देशांची नावं कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, लिहायची भारी हौस. फॉर्मवर 'कोकुसेकी' म्हणजे राष्ट्रीयत्व विचारलं की तिथे काताकानातलं (परदेशी शब्दांसाठीच्या जपानी अक्षरलिपीतलं) 'इन्दो', म्हणजे भारत, पुरे. दोन कांजींचं 'इन्दो' चूक नाही, पण जुनाट वाटतं. करीच्या दुकानाच्या पाटीवर शोभतं, फॉर्मवर नाही. चीन, तैवान, दक्षिण कोरिया हे कांजीतच लिहायचे. बाकी बहुतेक देश काताकानात.

एका कांजीची संक्षिप्त रूपं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांसाठी. जपान-भारत म्हणजे 'निचि-इन', जपान-अमेरिका म्हणजे 'निचि-बेइ'. या 'बेइ'ची कांजी तांदळाची, त्यामुळे मथळ्यात तांदूळ दिसला तर शेतीची बातमी समजू नका.

'इन्दो' हाताने लिहिताना घोळ होतो तो मधल्या 'न्'चा. त्याची छोटी रेघ जवळपास आडवी, आणि लांब रेघ खालून वर उजवीकडे न्यायची. तीच वरून खाली ओढली की 'सो' होतो, आणि देश 'इसोदो'.

भाषेसाठी शेवटी 'गो' ही चौदा रेघांची कांजी जोडतात: 'दोइत्सु-गो' (जर्मन), 'फुरान्सु-गो' (फ्रेंच). मात्र इंग्रजी म्हणजे 'एइगो', 'इगिरिसु' (ब्रिटन) वरून 'इगिरिसु-गो' नव्हे. आपली मराठी 'मारातीगो' अशी नाही, तर 'मा-रा-(लांब रेघ)-ती-(लांब रेघ)-गो'; ही रेघ आधीचा स्वर लांबवते. यातला 'ती' काताकानात सुटा नाहीच. 'ते'ला छोटा 'इ' जोडून तो बनवावा लागतो. संगणकावर रोमन 'टी-आय' दाबलं तर 'ची' उमटतो, 'टी-एच-आय' दाबा. लांब रेघेसाठी हायफनची कळ, आणि सगळं काताकानात आणायला एफ-७. हिंदीच्या 'दी'साठी तसंच 'डी-एच-आय'.

पत्त्यात खरी गंमत ठाण्याची. इंग्रजी स्पेलिंगवरून कोणी लिहिलं तर 'टी-एच'चा 'स' होऊन भलतंच गाव तयार होतं. जपानीत ना ठ, ना ण. म्हणून कानाला ऐकू येतं तसं 'ता-ने' लिहायचं, दोन्ही अक्षरांपुढे लांब रेघ देऊन. मुंबईला चार अक्षरं: मु, न्, बा, इ.

जुन्या शब्दकोशावर विसंबणाऱ्यांनी एक बघावं: जॉर्जियाचं 'गुरुजिआ' २०१५ मध्ये 'जोओजिआ' झालं, आणि २०१९ मध्ये सरकारी देशनावांतून 'व'साठीचं खास काताकाना अक्षर काढून 'ब' आणला, म्हणून केप व्हर्ड हा देश आता 'काबो बेरुदे'.