फ्लॅटमधलं भूत

सकाळपासून पाऊस, बाहेर जाणं रद्द. मारियाना एनरिकेझची एकच कथा वाचायला घेतली आणि दिवस तिनेच खाल्ला.

एनरिकेझ अर्जेंटिनाची, जन्म १९७३चा, पेशाने पत्रकार. मी मेगन मॅकडॉवेलचा इंग्रजी अनुवाद वाचतेय. कथा आहे तिच्या 'द डेंजर्स ऑफ स्मोकिंग इन बेड' या संग्रहातली; हाच संग्रह २०२१ला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता.

गोष्ट अशी: एका मुलीला परसात खेळताना हाडं सापडतात. वडील म्हणतात, कोंबडीची असतील. आजी मात्र ओळखते. ती हाडं आजीच्याच, तान्ही असताना गेलेल्या बहिणीची आहेत! पुढे मुलगी मोठी होते, फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि ते कुजलेलं बाळ तिच्या पलंगापाशी येऊन उभं राहतं. किंकाळ्या नाहीत, सूडही नाही. ते फक्त मागे मागे चालत राहतं.

मला धडकी भरली ती यानेच. १९७६ ते १९८३च्या लष्करी राजवटीत अर्जेंटिनात हजारो माणसं गायब केली गेली, कित्येकांची हाडं अजून घरच्यांना मिळालेली नाहीत. कथेत याबद्दल अवाक्षर नाही. पण अशा देशात परसात हाड सापडणं ही साधी गोष्ट कशी असेल?

मतकरींच्या गूढकथांवर वाढलेय मी. घरातल्याच माणसाची भीती वाटायला त्यांनी शिकवलं. (शाळेत असताना पांघरुणात टॉर्च लावून वाचायचे.) आज कित्येक वर्षांनी तसंच पोटात गोळा येऊन पुस्तक मिटलं.

संध्याकाळी आईला फोन केला. आजीची एक बहीण लहानपणीच गेली होती, एवढंच कानावर होतं. तिचं नाव विचारलं. आईला आठवेना.