केळीचा धागा आणि ४५ दिवसांची उधारी

घड कापून झाला की केळीचा खांब शेतकऱ्याला अडचणीचा वाटू लागतो, कारण एका खांबाला एकदाच घड येतो आणि नंतर तो मजुरी मोजून बांधावर टाकावा लागतो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत असे कुजणारे खांब पाहतच मी मोठी झाले. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी गावातल्या अकरा महिलांना सोबत घेऊन फैजपूरजवळ धागा काढण्याचे काम सुरू केले, तेव्हा कच्च्या मालाची चिंता मला कधीच पडली नाही.

काम मात्र हातांची परीक्षा पाहणारे आहे. खांबाचे सोपट, म्हणजे एकावर एक असलेले थर, उभे चिरून पट्ट्या करायच्या, पट्टी यंत्राच्या फिरत्या ड्रमवर अर्धी सोडायची, पात्यांनी गर खरवडला गेला की मागे ओढून दुसरे टोक सोडायचे. पकड किंचित सैल झाली तरी धागा ड्रमला गुंडाळला जातो. बाहेरच्या सोपटांचा धागा जाड आणि तांबूस निघतो, तर आतल्यांचा पांढरा व मऊ. खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने शंभर किलोंतून जेमतेम एक-दीड किलो सुका धागा हाती येतो.

यंत्रासाठी कर्ज मिळाले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला ३५ टक्के अनुदान असते आणि स्वतःचा वाटा ५ टक्के भरावा लागतो. तरीही बँकेत पहिला प्रश्न आला तो जमीन कोणाच्या नावे आहे हा, आणि या उद्योगात काहीही वाटा नसलेल्या माझ्या यजमानांची सही मागितली गेली. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती अभियानातून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा आग्रह धरला होता; तो का धरला, हे मला त्या टेबलासमोर बसल्यावर पुरते कळले.

खरा घाव बसला तो उधारीचा. एका मोठ्या शहरातील, हस्तकलेच्या वस्तू करणाऱ्या व्यापाऱ्याने तीनशे किलो धागा नेला, महिन्याभरात पैसे देण्याचे कबूल केले आणि पाचव्या महिन्यात दिले. दर शनिवारी मजुरी द्यावीच लागते, कारण तिच्यावर अकरा घरांचा बाजार अवलंबून असतो. म्हणून त्या काळात मी गळ्यातली पोत गहाण ठेवली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज द्यावे लागते, असे २००६ चा कायदा सांगतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) आणि ही मुदत छापलेली असते, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय माल गाडीत चढत नाही, आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडे एक तृतीयांशापेक्षा जास्त माल जाऊ देत नाही.

वाढीचा अर्थ मी यातून वेगळा लावायला शिकले. आम्ही यंत्रे न वाढवता त्याच खांबाचे मोल वाढवले: पांढरा धागा निराळा बांधून अधिक भावाने विकतो, आणि उरलेल्या चोथ्याचे गांडूळ खत करून खांब देणाऱ्या शेतकऱ्यांना परत देतो. खांबाच्या पाण्यापासून द्रवरूप सेंद्रिय खत करण्याचे तंत्र नवसारी कृषी विद्यापीठाने विकसित केले आहे, ते शिकण्याचा माझा विचार आहे.

राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ ते २५ लाख रुपयांचे साहाय्य मिळते, मात्र त्यासाठी वार्षिक उलाढाल किमान १० लाख रुपये असावी लागते. पहिल्या दोन वर्षांत, जेव्हा माझ्यासारखीला आधाराची सर्वाधिक निकड असते, तेव्हाच ही अट दार अडवते; ती शिथिल व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या यंत्राची मागणी आमच्या महिला वरचेवर करतात. तीन महिन्यांची मजुरी बँकेत बाजूला पडली की ते घ्यायचे, असे आम्ही बैठकीत ठरवले आहे; आजवर दोन महिन्यांची जमली आहे.