तळटीप नंबर ३७

आजचा अख्खा दिवस तळटिपांत गेला. आमच्या इतिहासाच्या जर्नलचा अंक प्रेसला जायचाय आणि एका लेखातली ३७ नंबरची टीप काही केल्या जुळेना. जुन्या त्रैमासिकाचा संदर्भ, फाल्गुन शके १८४९, आणि पुढे कंसात १९२७. शक दिसला की इसवी सन काढायला ७८ मिळवायचे एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, पण मार्गशीर्ष-पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलतं ना, मग फाल्गुनात ७९ लागतात, म्हणजे ते झालं १९२८. शिवजन्माचंच बघा की, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, ७८ मिळवले तर १६२९ येतात आणि तारीख आहे १९ फेब्रुवारी १६३०!

बरं पान नंबरही चुकलेला, तो निघाला पीडीएफचा, छापील पानाचा नाही. ते नीट केलं, वर एक राहून गेलेली टीप घातली, तर तिच्या खालचे 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्या टिपेतलंच पुस्तक') दुसऱ्याच पुस्तकाला जाऊन चिकटले. मग एकेक उघडून पूर्ण नाव टाइप करत बसले, चहा टेबलावरच गार.

संध्याकाळी लेखकांना फोन केला तर म्हणे, "अहो मॅडम, एका वर्षाने काय बिघडतंय?" हेच सर दुसऱ्यांच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना असल्या चुकांवर दोन दोन पानं खर्ची घालतात, पण मी आपली गप्प बसले. उद्या ३८ पासून पुढे. एकूण ११२ आहेत.