वाढत्या अंगाचं जॅकेट

आमच्या घरी शाळेचा गणवेश दर जूनला एक माप मोठा यायचा. "वाढतं अंग आहे, असू दे," असं आई म्हणायची आणि शिंपीही बाहीच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचा. चाळिशीच्या उंबरठ्यावर, टोकियोत, २६ हजार येन मोजून मी तीच चूक पुन्हा केली. अंग आता फक्त पोटाकडे वाढतंय, हे माहीत असूनसुद्धा.

खूळ लागलं ते ऑफिसात. आमच्या मजल्यावर साठीला टेकलेले एक जपानी गृहस्थ होते. डिसेंबर आला की ते करड्या झाकेचं हिरवं, आखूड जॅकेट घालून यायचे. आत भगव्याच्या जवळ जाणारं अस्तर, बाहीवर छोटा चेनचा खिसा. एकदा लिफ्टमध्ये मी विचारलं, "जुनं आहे का?" ते म्हणाले, "एमए-१ आहे. रेप्लिका. पण पंधरा वर्षं घालतोय, म्हणजे आता माझ्यापुरतं तरी जुनंच."

एमए-१ हे अमेरिकी वैमानिकांचं जॅकेट, आणि रेप्लिका म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल. तोवर मला वैमानिकांचं जॅकेट म्हणजे चामड्याचं एवढंच ठाऊक होतं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध ए-२, अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेनं १९३१ साली स्वीकारलेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये बी-१० हे सुती कापडाचं, आत लोकरी लव आणि मेंढीच्या कातडीची केसाळ कॉलर असलेलं जॅकेट आलं. वर्षभरात बी-१५ आलं, नंतर नायलॉन आलं. जेट विमानांची कॉकपिट अरुंद, त्यात फुगीर कपडे नकोत; शिवाय चामडं भिजलं की वर जाऊन गारठतं, ताठ होतं. पॅराशूटच्या पट्ट्यांना अडते म्हणून पन्नासच्या दशकात केसाळ कॉलरही गेली, गळ्याशी विणलेली पट्टी आली आणि एमए-१ तयार झालं. मधल्या काळात काही जुन्या बी-१५ च्या कॉलरी कापून त्यांवरही विणलेली पट्टी चढवली गेली. मला त्या दुरुस्त केलेल्या नमुन्यांचं फार अप्रूप. सरकारी काम असून जुन्या साडीचे पडदे शिवल्यासारखं वाटतं.

मूळ जॅकेटं आता साठ-सत्तर वर्षांची झाली. विणकाम कसरीनं खाल्लेलं, चेन गंजलेली आणि मापं बहुतेक लहान. म्हणून रेप्लिका. या कामात जपान्यांचा हात धरणारं कोणी नाही. टोयो एंटरप्राइजनं १९९३ मध्ये बझ रिक्सन्स हे नाव सुरू केलं. द रिअल मॅकॉयज हे दुसरं मोठं नाव. ही मंडळी नुसता आकार उचलत नाहीत. त्या काळी एकाच एमए-१ चं कंत्राट वेगवेगळ्या कारखान्यांना मिळायचं, त्यामुळे ती 'लायन युनिफॉर्म'चं एमए-१ वेगळं आणि 'अल्बर्ट टर्नर'चं वेगळं काढतात. कॉलरच्या आतल्या लेबलवर त्या कारखान्याचं नाव आणि एमआयएल-जे-८२७९ हा सरकारी क्रमांकसुद्धा असतो. बायकोनं ते लेबल वाचून विचारलं, "म्हणजे खोट्या जॅकेटवर खरं लेबल?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आधी मॉडेल ठरवायचं होतं. इथे अमेरिकी हवाई दलानंच काम सोपं करून ठेवलंय. त्यांनी तापमानाचे पट्टे पाडले होते: १० ते ३० अंशांना लाइट, उणे १० ते १० ला इंटरमीजिएट, उणे ३० ते उणे १० ला हेवी. एल-२ मालिका लाइटची, बी-१५ आणि एमए-१ मधल्या पट्ट्यातली, एन-२ आणि एन-३ हे टोपीवाले जाड प्रकार हेवीतले. टोकियोचा जानेवारी म्हणजे पहाटे एक-दोन अंश, दुपारी दहा. सरळ मधला पट्टा. (पुण्याची थंडी या हिशेबात लाइटमध्येच बसते. स्वेटर-मफलर बांधून पर्वती चढणाऱ्यांना हे सांगू नका.)

बी-१५ घालून पाहिलं. आरशात मी स्वतःवरच खूश. पण केसाळ कॉलर कानाला लागते आणि मेट्रोच्या तोझाई लाइनवर सकाळी आठला डब्यात जी ऊब असते, तिथे मानेभोवती मेंढी गुंडाळून उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. एमए-१ वर शिक्कामोर्तब झालं.

रंगाचा प्रश्न मी सोडवला असं वाटत होतं: काळा, कशावरही जातो. ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितलं की हवाई दलानं काळं एमए-१ कधी दिलंच नव्हतं. दुकानात काळी ढिगानं मिळतात, पण ती फॅशनची. खरा रंग सेज ग्रीन, म्हणजे तोच करड्या झाकेचा हिरवा. नारिंगी अस्तरही सुरुवातीपासूनचं नाही. आधी आतबाहेर हिरवंच असायचं. १९६० च्या सुमारास नारिंगी आलं, कारण विमान पडलं तर जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसतं.

आता माझी चूक. जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या साइटवर जपानी विक्रेते मापं फार नेटकी देतात: काताहाबा म्हणजे खांदा, मिहाबा म्हणजे काखेपासून काखेपर्यंतची रुंदी, किताके म्हणजे मानेखालून लांबी, सोदेताके म्हणजे बाही. माझी छाती अडतीस. अडतीसच्या जॅकेटचं किताके ६३ सेंटिमीटर लिहिलेलं. मी माझा शर्ट मोजला, ७४ भरला. अकरा सेंटिमीटर कमी! म्हटलं, हे तर बेंबीपाशी संपणार. आतला शाळकरी पोरगा जागा झाला आणि मी बेचाळीस घेतलं.

खोकं उघडलं आणि पाच मिनिटांत कळलं. दोन मापं वर जाऊन लांबी वाढली होती जेमतेम तीन सेंटिमीटर आणि घेर वाढला होता दहा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. कमरेची विणलेली पट्टी कुठेच पकडत नव्हती, त्यामुळे खालून वारा शिरायचा आणि पाठीवर फुगा व्हायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, तू भोपळ्यासारखा दिसतोयस." विक्रेत्याचा काही दोष नाही, त्यानं सगळी मापं दिली होती. मी ती वाचली आणि मग आईचं ऐकलं.

त्या शनिवारी उएनोला गेलो. स्टेशनाशेजारी रुळांच्या कडेनं आमेयोको बाजार आहे. मासळी, सुकामेवा, बूट आणि मधेमधे लष्करी कपड्यांची दुकानं. युद्धानंतर इथे काळा बाजार भरायचा. अमेरिकी छावण्यांतून आलेला माल विकला जायचा, गोड खाऊही विकला जायचा. 'आमे' म्हणजे गोळी-चॉकलेट की अमेरिका, यावर अजूनही दोन्ही गोष्टी सांगतात. एका अरुंद दुकानात, जिथे वळायचं तर आधी पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते, तिथल्या म्हाताऱ्या मालकांना मी माझी रड सांगितली. त्यांनी काही न बोलता अडतीसचं काढून दिलं. घातलं. उभा राहिलो. आखूडच वाटलं. मी शर्टाचं टोक दाखवून म्हटलं, "बघा, हे खाली लोंबतंय."

त्यांनी पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. बसा म्हणाले. बसलो. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून दाखवले, सुकाणू धरल्यासारखे. मीही धरले. आणि काय सांगू, सगळं जागेवर आलं. उभं असताना मनगटावर चुण्या पाडणारी बाही आता बरोबर मनगटाशी थांबली. कमरेची पट्टी मांडीवर न अडकता कमरेलाच बसली. पाठ कुठे ताणली नाही. हे जॅकेट मुळात बसलेल्या माणसासाठी कापलेलं आहे. लांब असतं तर पट्ट्यांखाली गोळा झालं असतं. आणि त्या काळच्या पँटी बेंबीपर्यंत यायच्या, त्यामुळे मधे फट पडायचा प्रश्नच नव्हता. चूक जॅकेटची नव्हती, माझ्या खाली घसरणाऱ्या जीन्सची होती.

बेचाळीसचं पाच हजार येन तोट्यात विकलं. अडतीसचं वापरलेलं एमए-१, मिहाबा ५८, ३८ हजारांना घेतलं. नवं याच्या जवळपास दुप्पट पडलं असतं. त्याच दुकानातून उंच कमरेची एक खाकी पँट घेतली, पुढे दोन चुण्या असलेली. घरी आरशात पाहिलं तर माझे आजोबा. ते कायम पट्टा बेंबीच्या वर बांधायचे आणि आम्ही नातवंडं हसायचो.

घेताना मी काय पाहिलं तेही लिहितो, कारण फोटोवरून बरंच कळतं. विणलेल्या पट्ट्या लोकरीच्या हव्यात. अ‍ॅक्रिलिकच्या दोन हिवाळ्यांत सैल पडतात आणि ओठ लोंबल्यासारख्या दिसतात. चेन धातूची आणि तिची पट्टी सुती असली की ती जराशी आटते आणि जॅकेटची पुढची बाजू किंचित सुरकुतते. मला हा दोष वाटला होता, तर शौकीन लोक नेमकं तेच शोधतात. एवढा खर्च नको असेल तर अल्फा इंडस्ट्रीज आहे. ही कंपनी १९५९ मध्ये अमेरिकेत खऱ्याखुऱ्या लष्करी कंत्राटांसाठीच सुरू झालेली. त्यांचं आजचं जॅकेट त्या जुन्या कापाचं नसतं, पण ऊब तीच देतं. मला विचाराल तर पहिलं तेच घ्या.

चेनची सवय व्हायला आठवडा गेला. आजकालच्या चेनसारखी आंधळेपणानं ओढून चालत नाही. रनर पार तळाला टेकवायचा, पिन पूर्ण आत गेली का ते अंगठ्याला कळेपर्यंत दाबायची, खालचं टोक डाव्या हातानं ताणून धरायचं आणि मगच वर. घाई केली की दात एकमेकांना चुकतात आणि मग स्टेशनवर मान घालून बसा.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. बिल्ले लावले नाहीत. बिल्ले लावलेली फार देखणी जॅकेटं मिळतात, स्क्वॉड्रनचं चित्र, छातीवर नावाची पट्टी. पण मी टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईला राहतो. शेजारच्या कोतो वॉर्डात, कितासुनाला, टोकियोवरच्या हवाई हल्ल्यांचं एक लहान संग्रहालय आहे. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी याच पूर्वेकडच्या वस्त्या जाळल्या. एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली असं मानतात. मी तिथे फेब्रुवारीत गेलो होतो आणि जिन्यात आल्यावर लक्षात आलं की आपण काय घालून आलोय. एमए-१ त्या युद्धानंतरचं, हे मला माहीत होतं. तरी काढून हातावर घेतलं, अस्तर बाहेर करून. मग नारिंगी रंग जास्तच दिसायला लागला म्हणून पुन्हा उलटं केलं. तिथल्या काउंटरवरच्या आजींनी माझ्या हाताकडे पाहिलंही नाही. पण त्याच देशात ही जॅकेटं टाक्यागणिक जशीच्या तशी घडवली जातात, याचा मेळ मला अजून लावता आलेला नाही.

एरवी वापरायला साधं आहे. आत पातळ कपडा, कारण गाडीत घाम येतो. सॅकच्या पट्ट्या खांद्यावरचं नायलॉन चकचकीत करतात, म्हणून पट्टा एकाच खांद्यावर. आणि जूनच्या आत धुऊन ठेवायचं. इथे उन्हाळ्याच्या तोंडावर कपडे बदलायची पद्धत आहे, कोरोमोगाए म्हणतात. नंतर लगेच त्सुयूचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा पाऊस आणि दमट कपाट. मी एका वर्षी आळस केला. ऑक्टोबरात काढलं तर उजव्या मनगटावर तुरीच्या डाळीएवढी दोन भोकं. कसरीनं नायलॉनला तोंडही लावलं नव्हतं, नेमकी लोकर खाल्ली होती. आता डांबराच्या गोळ्या असतात. बायको म्हणते, तुझ्याजवळ आलं की आजोळच्या ट्रंकेची आठवण येते.

त्या डिसेंबरात आई आली होती. तिनं जॅकेट खुंटीवरून काढलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे पोलकं कुणाचं?"

"माझं आहे, आई."

"एवढुसं? आणि हा बाहीवर कसला खिसा?"

मी सांगितलं, बाजूला पेन ठेवायचे, आत सिगरेटी.

"तू ओढतोस?"

"नाही गं."

तिनं खिशाची चेन उघडून खात्री केली. मग मनगट उजेडात धरलं आणि भोकं दिसली. मी म्हटलं, उएनोत मूळ रंगाची पट्टी बदलून मिळते, देऊन येतो. किती घेतील म्हणून तिनं विचारलं, मी आकडा सांगितला. यावर ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर रफू झालेलं होतं, मुलाच्या जुन्या टोपीची लोकर उसवून. आडवे-उभे धागे इतके घट्ट आणि सारखे की बोट फिरवलं तर कळत नाही. रंग मात्र शेवाळी नाही, चक्क पोपटी.

"मनगटावर कोण बघतंय?" आई म्हणाली.

गाडीत डोक्यावरची कडी धरली की बाही वर सरकते आणि ते दोन पोपटी ठिपके बरोबर डोळ्यांसमोर येतात. परवा ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी ते पाहिले, चष्मा वर करून जवळून पाहिले आणि विचारलं, हे कुठल्या कंत्राटाचं?