निळी दिसली की सीतेची आसवं?

कासला पहिल्यांदा गेले तेव्हा सत्तर-ऐंशी फोटो काढले आणि घरी येऊन ग्रुपवर एकाच कॅप्शनखाली टाकून मोकळी झाले, सीतेची आसवं. ग्रुपवरच्या एका काकांनी एवढंच विचारलं, "काडी कुठाय?" मला कळेचना. मग बघते तर एकाही फोटोत काडी, म्हणजे फुलाचा दांडा, नाही, सगळी फुलं समोरून, पासपोर्ट साइज!

त्याचं काय आहे, युट्रिक्युलॅरिया या कीटकभक्षी वनस्पतीच्या निळ्या-जांभळ्या सगळ्याच भावंडांना आपण सरसकट सीतेची आसवं म्हणतो. कासवर सप्टेंबरात जो जांभळा गालिचा दिसतो त्यात भरपूर असते ती यांच्यातलीच एक जात, पर्पुरासेन्स. काडी सरळ, फूल जेमतेम करंगळीच्या नखाएवढं, खालच्या पाकळीच्या तोंडाशी दोन पांढुरके डाग. रेटिक्युलाटा लांबून अगदी तशीच, पण तिची काडी शेजारच्या गवताला वेढे घालत वर चढते. ही मला मामाच्या गावी भाताच्या खाचरात सापडली, आणि मी अर्धा तास बांधावर उकिडवी बसून वेढे बघत होते, मामी म्हणाली काय हरवलं का गं.

एवढ्यावर खूश झाले आणि पुढच्याच वर्षी परत फसले. गवत आखूड असेल तर रेटिक्युलाटा पण गुमान सरळ उभी राहते ना! मग पाकळीवरची जाळी बघायची, फिकट भागावर बारीक जांभळ्या रेघांचं विणकाम असतं, नाव त्यावरूनच पडलंय. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर काम सोपं. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, एकाच जागी गडद आणि फिकट दोन्ही फुलं असतात आणि मोबाइलचा कॅमेरा निळ्या-जांभळ्याची वाट लावतो ती वेगळीच.

पिवळ्यांची गंमत अजून वेगळी. डबक्यात तरंगणारी ऑरिया आणि स्टेलॅरिस, दोघींची फुलं पिवळी, पण स्टेलॅरिसच्या काडीला मध्येच तरंगायला मदत करणाऱ्या फुगीर भागांचं चक्र असतं, लहान मुलांना पोहायला शिकवताना बांधतात तसं, त्यामुळे तिथे फुलाकडे बघायचीसुद्धा गरज नाही. चिखलात उगवणारी बायफिडा ओळखायला फूल गळायची वाट बघितलेली बरी, कारण तेव्हा फळाभोवतीची दोन हिरवी पानं मोठी होतात आणि देठ खाली वाकतो.

एकदा मी एक रोप उपटलं होतं, कबूल करते. खरी मुळं यांना नसतातच, चिखलात धाग्यांना टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या असतात, पाण्यातला जीव दाराशी आला की पिशवी त्याला आत ओढून घेते, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. हे सगळं बघायचं होतं म्हणून उपटलं, आणि हातात आला चिखलाचा गोळा. धागे तुटले, पिशव्या चिखलात गडप. परत नाही उपटलं.

यंदा रेनकोट पसरून कातळावर आडवी झाले, प्रत्येक फुलाचे तीन फोटो, एक समोरून, एक बाजूने म्हणजे मागची शेपटी दिसते, आणि एक काडीचा पार मातीपर्यंत. ग्रुपवर टाकले.

काका म्हणाले, "छान. फळाचा कुठाय?"