ब्रिटिश म्युझियम, खोली नंबर ९०: भिंगाखालचे चेहरे

म्युझियममधली गर्दी ममींपाशी सोडून मी थेट वर ९० नंबरच्या खोलीकडे गेलो. छापील चित्रांची अभ्यासिका तिथेच आहे. वेळ आधी ठरवावी लागते, ओळखपत्र लागतं आणि आत फक्त पेन्सिल चालते. पाहायच्या होत्या डॅलझिएल बंधूंच्या वह्या. १८३९ मध्ये लंडनात सुरू झालेल्या या लाकडावरच्या कोरीवकामाच्या कारखान्याने आपल्या छपाईच्या ठोकळ्यांची प्रूफं, म्हणजे चाचणीचे छाप, वर्षावर्षाने चिकटवून ठेवली, हे आपलं नशीब.

ठोकळा बॉक्सवूड या घट्ट लाकडाचा, तोही खोडाच्या आडव्या कापाचा. उभ्या फळीवर ब्यूरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, लाकडाच्या धाग्यात अडकतो आणि रेघ फाटते. उंची छपाईच्या शिशाच्या अक्षरखिळ्यांइतकी, ०.९१८ इंच, त्यामुळे चित्र मजकुराबरोबर छपाईच्या एकाच चौकटीत, फर्म्यात, बसे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र मात्र वेगळं छापावं लागे. साप्ताहिकांना ते कुठलं परवडायला!

दहापट भिंग छापातल्या चेहऱ्याच्या गालावर धरा. कोरलेलं ते पांढरं, उरलेलं ते काळं. गालाच्या गोलाईबरोबर रेघा वळतात, उजेडाकडे बारीक होत जातात आणि शेवटी नुसते ठिपके उरतात. डोळ्यातली चमक म्हणजे ब्यूरिनचा एकच टोचा. कोटावर मात्र एकसुरी रेघा. कारखान्यांत चेहरा मुरलेल्या हाताकडे जाई, कपडे आणि पार्श्वभूमी शिकाऊंकडे. जास्त कापलं गेलं तर पुसायची सोय नाही: तिथे भोक पाडायचं, बॉक्सवूडची खुंटी ठोकायची, घासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. खुंटी जरा खालीवर राहिली की छपाईत गोल कडा उमटते.

बॉक्सवूडचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला तुकडे बोल्टने जोडत. १८४२ मध्ये निघालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या साप्ताहिकांच्या घाईत हे तुकडे सुटे करून अनेकांना वाटत, सांध्यांवरच्या रेघा त्याआधीच कोरून घेत. तरीही बोल्ट ढिला पडला की सरळ पांढरी फट दिसते. जुनी पानं विकत घेताना आधी तीच शोधा.

प्रूफ पातळ कागदावर हाताने घासून काढलेलं, म्हणून केसांतली रेघ न् रेघ सुटी. अंक सहसा ठोकळ्यावरून काढलेल्या तांब्याच्या प्रतिकृतीवरून, इलेक्ट्रोटाइपवरून, छापत; यंत्राच्या वेगात शाई भरली की तीच दाढी काळा डाग होते. निघताना कोपऱ्यातली सही पाहिली. छापात ती सुलट दिसते, म्हणजे लाकडात उलटी कोरलेली. कधीकधी चित्रकाराच्या आद्याक्षरांपेक्षा कोरणाऱ्याचं नावच मोठं.